म्हातारा स्टार ड्राफ्टमध्ये घ्यायचा का? फँटसीचा हिशोब वेगळा, कोर्टावरचा वेगळा

५ डिसेंबर २०२५, शुक्रवारची सकाळ. नागपूरची थंडी, समोर तर्री-पोह्याची प्लेट आणि मोबाइलवर एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची, टोरंटोतली लेकर्सची मॅच. स्कोअर १२०-१२०, शेवटचे काही सेकंद, बॉल लेकर्सच्या लेब्रॉन जेम्सकडे. त्या दिवशी त्याचा नेम काही लागून नव्हता राहिला, १७ शॉटमध्ये ४ पडले होते, एकूण पॉइंट ८. आणि २००७ च्या जानेवारीपासून रेग्युलर सीझनच्या (साखळी फेरीच्या) प्रत्येक मॅचमध्ये त्यानं किमान १० केले होते, सलग १२९७ मॅचेस! एक बास्केट टाकली असती तर रेकॉर्ड पुढे चाललं असतं. त्यानं टाकली नाही. कॉर्नरमध्ये त्याचा साथीदार हाचिमुरा मोकळा होता, त्याला पास दिला, थ्री (तीन पॉइंटचा लांबचा शॉट) पडला, बझर वाजला, लेकर्स १२३-१२० नं जिंकले.

आमच्या फँटसी लीगच्या ग्रुपवर (फँटसी म्हणजे ड्राफ्टच्या रात्री राउंड-राउंडनं खरे खेळाडू निवडून कागदावरची टीम बनवायची, आणि त्यांच्या खऱ्या मॅचच्या आकड्यांवर मार्क) लागोपाठ दोन मेसेज पडले. एकाचा, "गेला भाऊ माझा आठवडा, ४ ऑफ १७." दुसऱ्याचा, "काय पास होता बाप्पा!" दोघंही बरोबर होते, आणि मला जे सांगायचं आहे ते एवढंच की हे दोन मेसेज एकाच खेळाडूबद्दल असले तरी दोन वेगळ्या खेळांबद्दल आहेत, आणि बहुतेक पोट्टे ड्राफ्टच्या रात्री या दोन्हीची खिचडी करतात. कोणी म्हणते "अजूनही चॅम्पियन आहे तो, घे पहिल्या राउंडात", कोणी म्हणते "चाळिशी झाली, कायले घेता". या दोन्ही वाक्यांत तुमच्या लीगच्या स्कोअरिंगचा कुठंच पत्ता नसतो.

मी बरीच वर्षं मित्रांसोबत फँटसी खेळून राहिलो, दर ऑक्टोबरमध्ये त्रिमूर्तीनगरच्या एका गच्चीवर ड्राफ्ट होतो, दहा जण, दहा मोबाइल, एक चार्जर. पैसे लावत नाही, आधीही नव्हतो लावत, आणि ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानंतर पैसे लावून ऑनलाइन गेम खेळायचा प्रश्नच मिटला. तर जे शिकलो ते सांगतो, जमेल तसं वापरा.

आधी तुमची लीग कशाचे मार्क देते ते वाचा

हे वाचायला पाच मिनिटं लागतात आणि तरी कोणी वाचत नाही. पॉइंट्स लीग असेल तर साधारण चालतं ते असं: एका पॉइंटला १, रिबाउंडला (चुकलेला शॉट झेलणं) १.२, असिस्टला (ज्या पासवर बास्केट पडते तो) १.५, स्टील (बॉल हिसकावणं) आणि ब्लॉकला (शॉट अडवणं) ३-३, टर्नओव्हरला (बॉल घालवणं) उणे १. नऊ कॅटेगरीची लीग असेल तर पॉइंट, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, थ्री, फील्ड गोल टक्के (खेळातले किती शॉट पडले), फ्री थ्रो टक्के (फाउलनंतरचे मोफत शॉट किती पडले), टर्नओव्हर, सगळं वेगवेगळं मोजतात आणि आठवड्याच्या शेवटी प्रत्येक कॅटेगरीत हार-जीत.

आता लेब्रॉनची तीच टोरंटोची मॅच घ्या. ८ पॉइंट, ६ रिबाउंड, ११ असिस्ट. पॉइंट्स लीगमध्ये नुसत्या या तीन गोष्टींचेच ३१.७ होतात, म्हणजे वाईट दिवसाच्या मानानं बरंच बरं, कारण चुकलेल्या शॉटची तिथं शिक्षाच नाही. नऊ कॅटेगरीत मात्र ते चुकलेले १३ शॉट तुमच्या पूर्ण टीमच्या टक्क्यात जाऊन बसतात. म्हणजे एकच माणूस, एकच सकाळ, एका लीगमध्ये चालून जातो आणि दुसऱ्या लीगमध्ये एक कॅटेगरी घेऊन बुडतो.

टक्केवारीचं गणित लोकांना कळत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. समजा आठवड्यात तुमच्या बाकीच्या पोट्ट्यांनी ४०० शॉट मारले, १९० पडले, म्हणजे साडेसत्तेचाळीस टक्के. त्यात एक जुना स्टार जोडा जो चार मॅचमध्ये ६८ शॉट मारतो आणि २४ पाडतो. आता झाले ४६८ पैकी २१४, पंचेचाळीस पूर्णांक सात. एका माणसानं जवळजवळ दोन टक्के खाल्ले, आणि ही कॅटेगरी बहुतेक वेळा एवढ्याशाच फरकानं हरतो आपण. कमी शॉट मारणारा खराब शूटर चालतो, भरपूर शॉट मारणारा खराब शूटर महाग पडतो. म्हाताऱ्या स्टारच्या बाबतीत हे जास्त लागू आहे कारण पाय थकले तरी टीममध्ये बॉल त्याच्याचकडे येत राहतो, नाव मोठं असते ना.

हे ६८ आणि २४ मी हवेतून नाही घेतले. कोबी ब्रायंटचा शेवटचा सीझन, २०१५-१६, तो दर मॅचला १७ च्या आसपास शॉट मारायचा आणि टक्के होते ३५.८.

एकाच सीझनचे दोन म्हातारे

तो सीझन मी नव्या मेंबरला नेहमी सांगतो. २०१५-१६ मध्ये लेकर्सचा कोबी ३७ चा आणि स्पर्सचा टिम डंकन ३९ चा, दोघांचाही शेवटचा सीझन. कोबी: १७.६ पॉइंट, ३.७ रिबाउंड, २.८ असिस्ट. डंकन: ८.६ पॉइंट, ७.३ रिबाउंड, २.७ असिस्ट, वरून दर मॅचला १.३ ब्लॉक. वरच्या स्कोअरिंगनं स्टील-ब्लॉक धरून आणि टर्नओव्हर सोडून हिशोब केला तर कोबी साधारण साडेएकोणतीस, डंकन पावणेअठ्ठावीस. म्हणजे दोनही पॉइंटचा फरक नाही. तुमच्या पॉइंट्स लीगमध्ये हे दोघं जवळपास सारखेच खेळाडू.

आता टीम बघा. लेकर्स १७ जिंकले, ६५ हरले. स्पर्स ६७ जिंकले, १५ हरले.

हे सगळं त्या दोघांमुळे झालं असं मी म्हणून नाही राहिलो, स्पर्सकडे कवाय लेनर्ड होता आणि लेकर्सची बाकी टीम कच्ची होती. पण फँटसीच्या आकड्यात ५० विजयांचा फरक कुठंच दिसत नाही, हे डोक्यात ठेवा. अजून एक गोष्ट. कोबीचा त्या वर्षीचा पगार होता अडीच कोटी डॉलर आणि पूर्ण टीमचा सॅलरी कॅप, म्हणजे पगाराची मर्यादा, ७ कोटी. खरी टीम अशी किंमत मोजते, तेवढ्या पैशात दुसरे खेळाडू येत नाहीत. तुमची किंमत असते ड्राफ्टचा राउंड, किंवा ऑक्शन (बोली लावून निवड) असेल तर २०० खोट्या डॉलरमधला वाटा. आणि कोबीनं १३ एप्रिल २०१६ ला शेवटच्या मॅचमध्ये युटाविरुद्ध ६० मारले, ५० शॉट घेऊन, ती सकाळ मी आयुष्यात विसरणार नाही, पण बहुतेक फँटसी लीग तोवर संपलेल्या असतात. त्या ६० चा फँटसीत कोणाला फारसा उपयोग झाला नाही. मनात मात्र ती मॅच आहेच, आणि पुढच्या ड्राफ्टला अशाच आठवणी आपल्याला चुकीच्या राउंडात हात घालायला लावतात.

हजेरी मोजा, सरासरी नंतर

सीझन ८२ मॅचचा. प्रत्येक टीमला साधारण १५ बॅक-टू-बॅक येतात, म्हणजे सलग दोन दिवस मॅच. म्हातारा स्टार प्रत्येक बॅक-टू-बॅकमधली एक सोडतो असं धरलं तर कुठं दुखापत न होताही तो ६७ वर येतो. आणि २०२३-२४ पासून एनबीएचा नियम आहे की मोठ्या अवॉर्डसाठी साधारण ६५ मॅच खेळाव्या लागतात, म्हणजे बघा, अंगावर काही दुखणं नसताना त्याच्याकडे फक्त दोन मॅचची मोकळीक उरते. त्याच वर्षी स्टारना उगाच बसवण्यावर पण बंधनं आली, पण सीझनच्या सुरुवातीला ३५ पूर्ण असलेल्यांना किंवा भरपूर मिनिटं खेळून झालेल्यांना बॅक-टू-बॅकसाठी सूट मिळू शकते. "आता नियम आला, आता बसवणार नाही" असं म्हणून म्हातारा घेऊ नका, नियमातली फट त्याच्याचसाठी ठेवलेली आहे.

पण नुसतं वय बघूनही फसगत होते. ख्रिस पॉल २०२४-२५ मध्ये ३९ चा होता आणि स्पर्ससाठी ८२ च्या ८२ मॅच खेळला. पॉइंट ८.८ फक्त, असिस्ट ७.४. असिस्ट पाहिजे असलेल्या टीमला शेवटच्या राउंडांमध्ये असा माणूस मिळणं म्हणजे लॉटरी. लेब्रॉन २०२३-२४ मध्ये ७१ आणि २०२४-२५ मध्ये ७० खेळला, आणि २०२५-२६ मध्ये सायटिकामुळे सुरुवातीच्या १४ मॅच बाहेर. म्हणून मागच्या तीन सीझनच्या मॅच मोजा, दुखणं कुठलं होतं ते बघा. पोटरी, मांडी, पाठ हे पुन्हा पुन्हा येतात. बोट मोडलं असेल तर मी फार विचार करत नाही.

आता इथं एक गोष्ट आहे जी समजली की तुमचा निर्णयच बदलतो. लाइनअप तुम्ही रोज बदलू शकता का, की आठवड्याला एकदाच लॉक होते?

समजा म्हातारा स्टार दर मॅचला ४० देतो पण चारमधल्या तीनच खेळतो, झाले १२०. जवान पोट्टा ३४ देतो आणि चारही खेळतो, १३६. आठवड्याच्या लॉकमध्ये जवान जिंकला. पण रोज लाइनअप बदलता येत असेल तर त्या चौथ्या दिवशी तुम्ही बेंचवरचा कोणीतरी लावाल, तो २२ जरी आणला तरी १२० अधिक २२, १४२. आता म्हातारा जिंकला. खेळाडू तोच, हजेरी तीच. म्हणून कोणी विचारलं "भाऊ, घेऊ का याला?" तर मी आधी विचारतो तुझी लीग रोजची का आठवड्याची. आयएलच्या, म्हणजे जखमी खेळाडू ठेवायच्या, जागा किती आहेत तेही बघा, एकच असेल तर दोन म्हातारे अजिबात नको.

आपल्याकडे अजून एक अडचण, वेळेची. हिवाळ्यात ईस्टच्या मॅच आपल्या पहाटे साडेपाच-सहाला सुरू होतात आणि वेस्टच्या सकाळी नऊपर्यंत. बॅक-टू-बॅकच्या दुसऱ्या मॅचचा इंजरी रिपोर्ट (कोण खेळणार नाही त्याची यादी) तिकडच्या दुपारी १ पर्यंत यायला पाहिजे, म्हणजे ईस्टमधल्या मॅचसाठी आपल्या रात्री साडेअकराच्या आत. झोपायच्या आधी एकदा बघायची सवय लावा. आमच्या लीगमधले निम्मे लोक बघत नाहीत आणि सकाळी दात घासताना कळते की स्टार सूट घालून बेंचवर बसला आहे.

मला याचा जो फटका बसला तो सांगतो, खेळाडूचं नाव घेत नाही. मार्चमध्ये आमची फायनल, मी समोरच्यापेक्षा पूर्ण सीझन भारी होतो, आणि माझा मोठा म्हातारा त्या आठवड्यात चारपैकी एकच मॅच खेळला कारण त्याच्या टीमची प्लेऑफची, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीची, जागा पक्की झाली होती. त्याच्या कोचनं शंभर टक्के बरोबर केलं. मी त्या रात्री अंबाझरीच्या काठावर बराच वेळ एकटा बसलो होतो, खोटं नाही सांगत, आणि तिथंच मला कळलं की खऱ्या टीमला तो मे-जूनमध्ये पाहिजे आणि मला मार्चमध्ये. आमचे कॅलेंडरच वेगळे.

आता कोर्टावरचं, म्हणजे तो खरंच किती कामाचा आहे

हे आकड्यात कमी आणि डोळ्यांना जास्त दिसते, पण बॉलकडे बघून दिसत नाही. शंकरनगरकडे एका कोर्टावर संध्याकाळी आम्ही खेळायचो, तिथं एक काका यायचे, पन्नाशीच्या पुढचे, दोन्ही गुडघ्यांना नी कॅप, उडी म्हणाल तर पेपर सरकवता येईल एवढी. अकरा पॉइंटची गेम, जिंकेल ती टीम कोर्टावर राहणार. काका ज्या टीममध्ये असायचे ती टीम उतरायचीच नाही. पॉइंट किती करायचे? एखादा, तोही अंधार पडत आल्यावर बोर्डाला लावून. पण स्क्रीन (डिफेंडरच्या वाटेत आडवं उभं राहणं) असा लावायचे की तुमचा माणूस भिंतीला धडकल्यासारखा थांबायचा, आणि पूर्ण वेळ तोंड चालू, "डावीकडून येऊन राहिला, डावीकडून, हाव, आता सोड, मी आहे." आम्ही विशीतले पोट्टे धावून धावून मरायचो आणि काका चालत चालत बरोबर जागेवर पोहोचलेले असायचे. त्या काकांना फँटसीत कोणी घेतलं नसतं.

तेच टीव्हीवर शोधा. पहिली गोष्ट, समोरची टीम त्याला शोधते का? म्हणजे म्हातारा ज्याला गार्ड करून राहिला त्याला मुद्दाम स्क्रीनला बोलावतात, म्हातारा स्विच होऊन (गार्ड करायचा माणूस बदलून) त्यांच्या सगळ्यात चपळ गार्डसमोर येतो, आणि मग चार जण बाजूला होऊन एकट्याला खेळू देतात. चौथ्या क्वार्टरमध्ये हे तीन-चार वेळा लागोपाठ दिसलं की समजा, त्याचे २५ पॉइंट तिकडून परत जाऊन राहिले. स्टॅट्सच्या तक्त्यात ते २५ पूर्ण दिसतात. परत जाणारे दिसत नाहीत, आणि फँटसीत त्याचा एक पैसा कटत नाही, म्हणून फँटसीसाठी असा म्हातारा घ्यायला काही हरकत नाही. खऱ्या टीमचा मॅनेजर मात्र रात्री झोपू शकत नाही.

दुसरी, बॉल त्याच्याकडे नसताना काय होते. स्टीफ करी मार्च २०२५ मध्ये ३७ चा झाला, तो थ्रीच्या रेषेबाहेर नुसता पळाला तरी दोन डिफेंडर त्याच्यामागे जातात आणि रिंगखाली दुसऱ्या कोणाला सोपा लेअप मिळतो. त्या लेअपमध्ये करीच्या नावावर काहीच नाही, असिस्टसुद्धा नाही. पुढच्या मॅचला दहा मिनिटं फक्त करीकडे बघा, बॉल विसरून जा, डोळे उघडतात.

तिसरी, परत पळतो का. चुकला शॉट की रेफरीकडे हात करून उभा राहतो का मागे वळतो. हे एवढंच.

प्लस-मायनस (तो कोर्टावर असताना टीम किती पॉइंटनं पुढे किंवा मागे) एका मॅचचं बघून कोणाला शिव्या देऊ नका, त्यात बाकी चौघांचं पण येते. वीस-पंचवीस मॅचचं बघा, आणि तो बसल्यावर टीमचं काय होते ते बघा.

मिनिटं कमी झाली म्हणजे माणूस संपला असंही नाही. २०१३-१४ च्या स्पर्समध्ये एकही खेळाडू दर मॅचला ३० मिनिटं खेळला नाही, डंकन धरून, आणि त्यांनी ६२ जिंकून शेवटी मायामीला ४-१ नं हरवून चॅम्पियनशिप नेली. फँटसीवाले त्या वर्षी डंकनच्या मिनिटांवर रडत होते. बॉस्टनचा अल हॉरफर्ड, २०२३-२४, ८.६ पॉइंट आणि ६.४ रिबाउंड, ३७ वर्षांचा, प्लेऑफमध्ये टीमचा पोर्झिंगिस जखमी झाला तर हाच सुरुवातीपासून उभा राहिला आणि जूनमध्ये त्याच्या हातात ट्रॉफी होती.

उलटं उदाहरण वेस्टब्रुक. २०२०-२१ मध्ये वॉशिंग्टनला २२.२ पॉइंट, ११.५ रिबाउंड, ११.७ असिस्ट, अख्ख्या सीझनचा ट्रिपल-डबल, टीम ३४-३८. प्लेऑफला गेले ते त्याच्या शेवटच्या दोन महिन्यांच्या जोरावर, तेवढं श्रेय द्यायला पाहिजे. पुढच्या वर्षी लेकर्सनं त्याला आणलं आणि ३३-४९. फ्री थ्रो पासष्ट टक्के आणि जवळपास पाच टर्नओव्हर असूनही फँटसीत तो सोनं होता, फक्त त्या दोन कॅटेगरी आधीच सोडून द्यायची तयारी पाहिजे, म्हणजे पंट करायचं. खऱ्या टीमला टर्नओव्हर पंट करता येत नाही.

दोन्ही हिशोब कुठं जुळतात

एकाच जागी, मिनिटं आणि बॉल. टीममध्ये नवा मोठा स्टार आला की म्हाताऱ्याचा बॉल कमी होतो, फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉन्चिच लेकर्सकडे आला तेव्हापासून लेब्रॉनचं गणित बदललं, हे टीमसाठी चांगलं आणि तुमच्यासाठी कमी चांगलं. टीम फार पुढे असेल तर विश्रांती, टीम तळाला गेली तर मार्चमध्ये "गुडघा दुखून राहिला" म्हणून सीझनच बंद. फँटसीसाठी सगळ्यात बरा म्हातारा तो, ज्याची टीम पाचव्या ते दहाव्या नंबरमध्ये लटकून आहे आणि प्रत्येक मॅच लागते आहे.

वय वाढलं की काय जाते, काय टिकते हेही लक्षात ठेवा. रिंगवर जाणं कमी होते, फ्री थ्रो कमी मिळतात, स्टील आणि ब्लॉक घसरतात. असिस्ट, थ्री आणि फ्री थ्रोचे टक्के टिकतात, कधी वाढतात पण. लेब्रॉनचे थ्रीचे सगळ्यात चांगले टक्के, ४१, हे त्याच्या एकविसाव्या सीझनचे आहेत. म्हणून तुमच्या टीमला असिस्ट आणि थ्री पाहिजे असतील तर म्हातारा घ्या, स्टील-ब्लॉकसाठी घेऊ नका.

ड्राफ्टमध्ये माझा नियम, नऊ कॅटेगरी आणि आठवड्याचा लॉक असेल तर पहिल्या तीन राउंडांत ३५ च्या वरचा कोणी नाही. रोजची लाइनअप आणि पॉइंट्स लीग असेल तर दुसऱ्या राउंडच्या शेवटी एक चालतो, दोन कधीच नाही. आणि लीगमध्ये त्याचा जबरा फॅन असेल तर ऑक्शनमध्ये त्याच्याशी भिडू नका, किंमत वाढेपर्यंत थांबा आणि सोडून द्या.

विकायचं कधी? जानेवारीच्या शेवटी, त्याचा एक झकास आठवडा झाला की, सोमवारी सकाळीच. ट्रेड पाठवायच्या आधी त्याच्या टीमचं मार्चचं शेड्यूल उघडा, तुमच्या लीगच्या प्लेऑफचे तीन आठवडे पेन्सिलनं कागदावर लिहा, त्यात बॅक-टू-बॅक किती येतात ते गोल करा. तीन किंवा जास्त गोल झाले तर त्याच सकाळी ट्रेड पाठवा, आणि समोरचा विचारेल "कायले देऊन राहिला बे?" तर कागद दाखवायचा नाही.